गाठीचा वेग आणि फॉर्मॅलिनची बरणी

आरोग्यविषयक ठरावावर आपल्या बैठकांतून चर्चा सुरू झाली की दोन सूर हमखास ऐकू येतात. पहिला असा : ज्या देशात ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे औषध वेळेवर मिळण्याची शाश्वती नाही, तेथे कर्करोगाच्या पेशींवरील खुणा मोजण्याची भाषा म्हणजे सुखवस्तूंचे चोचले होत. दुसरा सूर अधिक जहाल असतो : या साऱ्या तपासण्या म्हणजे खाजगी प्रयोगशाळांनी मांडलेला लुटीचा बाजार आहे, आपण त्याच्या वाटेस जाऊ नये. हे दोन्ही सूर काढणारे साथी प्रामाणिक आहेत, त्यांपैकी काहींनी आरोग्याच्या प्रश्नावर तुरुंगही पाहिला आहे, म्हणूनच त्यांना स्पष्ट सांगणे भाग आहे की हे दोन्ही युक्तिवाद शेवटी एकाच ठिकाणी जाऊन पोहोचतात. विज्ञान बाजाराच्या हवाली करून मोकळे होण्याच्या ठिकाणी.

स्तनाचा कर्करोग हा आज भारतीय स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या २०२२ सालच्या अंदाजानुसार त्या एका वर्षात देशात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. २०१० ते २०१४ या काळात निदान झालेल्या स्त्रियांपैकी पाच वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण अमेरिकेत सुमारे ९० टक्के होते. आपल्याकडे ते ६६ टक्क्यांच्या आसपास होते. या चोवीस टक्क्यांचा हिशेब कोण देणार? आपल्याकडील गाठी काही अंशी निराळ्या असतात हे खरे. तरुण वयात होणाऱ्या, संप्रेरकांना दाद न देणाऱ्या गाठींचे प्रमाण येथे अधिक आहे. पण तेवढ्याने हिशेब पुरा होत नाही.

रोगाचे भवितव्य, ज्याला डॉक्टर मंडळी प्रोग्नोसिस म्हणतात, ते कशावर ठरते हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. गाठ किती मोठी आहे आणि काखेतील ग्रंथींपर्यंत ती पोहोचली आहे काय, हे जुने दोन प्रश्न अजूनही पहिले आहेत. तिसरा प्रश्न गाठीच्या स्वभावाचा. तिच्या पेशी किती वेगाने दुभंगतात? हा वेग मोजण्याची सर्वांत जुनी रीत म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली विभाजनाच्या अवस्थेत पकडलेल्या पेशी मोजणे. ब्लूम आणि रिचर्डसन या इंग्रज डॉक्टरांनी १९५७ साली गाठीची प्रतवारी बसविली तीत ही मोजणी होती, आणि १९९१ साली नॉटिंगहॅमच्या एल्स्टन व एलिस यांनी तिला जे रूप दिले ते आज जगभर वापरले जाते. तिला लागते काय? चांगला काचपट, चांगला सूक्ष्मदर्शक आणि घाईत नसलेला विकृतिशास्त्रज्ञ. यातील कोणती वस्तू चोचल्याची आहे, ते आमच्या मित्रांनी सांगावे.

१९८३ साली जर्मनीतील कील शहरात योहानेस गेर्डेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रतिपिंड शोधले. ते विभाजनाच्या चक्रात शिरलेल्या पेशींच्या केंद्रकाला चिकटते, स्वस्थ बसलेल्या पेशीला चिकटत नाही. कील शहरातला ‘की’ आणि प्रयोगाच्या थाळीतील खळग्याचा क्रमांक ६७, यांवरून त्याचे नाव ‘की-६७’ पडले. ज्या प्रथिनाला ते चिकटते त्यालाही आता हेच नाव आहे. शंभर पेशींपैकी किती पेशी रंगल्या एवढेच मोजावयाचे असते. अहवालात ‘की-६७ : ३५ टक्के’ असे लिहिलेले असते त्याचा अर्थ इतकाच, की शंभरातील पस्तीस पेशी वाढीच्या कामाला लागलेल्या आहेत. याच्या जोडीला आणखी तीन खुणा पाहतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरोन या संप्रेरकांचे ग्राहक, आणि हर-२ नावाचे प्रथिन, जे साधारणतः सहातील एका गाठीत भरमसाट प्रमाणात असते. या चार खुणांवर उपचाराची सारी दिशा ठरते.

आता पहिल्या आक्षेपाला उत्तर. इस्ट्रोजेनचा ग्राहक ज्या गाठीवर आहे, त्या गाठीच्या रोग्याला टॅमॉक्सिफेनची गोळी पाच वर्षे दिली तर पुढील पंधरा वर्षांत त्या रोगाने होणारे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. हजारो स्त्रियांवरील वीस चाचण्यांची एकत्र छाननी करून २०११ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्या गाठीवर तो ग्राहक नाही, तिच्यावर या गोळीचा काडीचाही उपयोग होत नाही. टॅमॉक्सिफेनवर आज कोणाचे पेटंट नाही. कर्करोगाच्या औषधांत इतके स्वस्त औषध विरळा. म्हणजे गरीब बाईच्या वाट्याला येऊ शकणारे सर्वांत स्वस्त औषध तिला द्यावयाचे की नाही, हे एका रंगतपासणीवर अवलंबून आहे. आणि त्या तपासणीलाच आमचे मित्र चोचला म्हणतात! तपासणी झाली नाही तर दोनच वाटा उरतात. आंधळेपणाने सर्वांना गोळी देणे, किंवा सर्वांनाच केमोथेरपीच्या चरकातून पिळून काढणे. रोजंदारीवर जगणाऱ्या बाईचे केमोथेरपीत महिनोन्महिने कसे जातात, हे शेतमजूर स्त्रियांत काम करणाऱ्यांना निराळे सांगावयास नको.

परंतु तपासणी झाली म्हणजे ती खरी झाली असे नव्हे, आणि येथे मी त्या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूकडे येतो, जिचा उल्लेख आपल्या एकाही ठरावात मला आजवर आढळला नाही. ती वस्तू म्हणजे फॉर्मॅलिनची बरणी.

स्तन किंवा गाठ शरीरातून कापून काढली की रक्तपुरवठा तुटतो आणि त्या क्षणापासून तिच्यातील प्रथिने बिघडू लागतात. म्हणून तासाभराच्या आत ती दहा टक्के फॉर्मॅलिनच्या तटस्थ द्रावणात पडली पाहिजे, असा संकेत आहे. द्रावण ऊतीच्या साधारण दसपट हवे. गाठ मोठी असेल तर तिला सुरीने चिरा देऊन मगच बुडविली पाहिजे, कारण फॉर्मॅलिन तासाला जेमतेम एक मिलिमीटर आत शिरते. अख्खा स्तन तसाच बरणीत कोंबला तर बाहेरून तो घट्ट होतो आणि मधोमध कुजतो. सहा तासांहून कमी आणि बहात्तर तासांहून अधिक काळ तो त्यात राहू नये. हे नियम काही गुपित नाहीत. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या आणि विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनांनी ते संयुक्तपणे छापलेले आहेत आणि आपल्याकडील प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकवितात.

आणि प्रत्यक्षात काय घडते? शस्त्रक्रिया तालुक्याच्या गावी होते. शस्त्रक्रियागृहात फॉर्मॅलिन असतेच असे नाही; असले तर ते कधी आणि कोणत्या प्रमाणात कालविले हे बाटलीवर लिहिलेले नसते. कधी ऊती सलाइनमध्ये ठेवतात, कधी नुसत्या ओल्या कापडात. मग ती बरणी रुग्णाच्या भावाच्या किंवा नवऱ्याच्या हाती देतात आणि तो ती कापडी पिशवीत घालून एस.टी.ने जिल्ह्याच्या गावी निघतो. शनिवारी शस्त्रक्रिया झाली असेल तर प्रयोगशाळा सोमवारी उघडते. त्या माणसाला कोणी सांगितलेले नसते की त्याच्या पिशवीत त्याच्या बायकोचे भवितव्य आहे आणि ते तासातासाने बदलत आहे. त्याला वाटते, ते जे काय होते ते कापून टाकले, आता कागद आणावयाचा तेवढा राहिला.

यातून नुसता अहवाल खराब येतो असे नाही. तो एका विशिष्ट दिशेने खराब येतो. फॉर्मॅलिनमध्ये उशिरा पडलेल्या ऊतीत दुभंगणाऱ्या पेशी ओळखू येईनाशा होतात, की-६७ चा आकडा खाली येऊ शकतो आणि इस्ट्रोजेनचा ग्राहक असूनही नसल्यासारखा दिसू शकतो. म्हणजे वेगाने वाढणारी गाठ कागदावर संथ दिसते आणि स्वस्त गोळीला दाद देणारी गाठ दाद न देणारी ठरते. शहरातील सुसज्ज रुग्णालयात गाठ काढलेल्या बाईला तिचा खरा आकडा मिळतो, खेड्यातील बाईला खोटा. रोग दोघींचा एकच असू शकतो. दवाखान्याच्या दारात वर्ग आडवा येतो हे आपण नेहमी म्हणतो. येथे तो काचपट्टीवर येऊन बसला आहे.

दुसऱ्या आक्षेपात तथ्य अधिक आहे, म्हणून त्याला अधिक काळजीने उत्तर दिले पाहिजे. खाजगी बाजाराने या खुणांचा धंदा मांडला आहे यात शंका नाही. की-६७ चेच घ्या. २०११ साली स्वित्झर्लंडमधील सेंट गॅलन येथील तज्ज्ञ परिषदेने संथ आणि वेगवान गाठ यांमधील सीमारेषा १४ टक्क्यांवर आखली. दोनच वर्षांनी, २०१३ मध्ये, २० टक्क्यांची भाषा सुरू झाली. एकच काचपट्टी दोन प्रयोगशाळांत मोजली तर आकडे निराळे येतात हे पुन:पुन्हा दिसून आले. म्हणून या खुणेचाच अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय गटाने २०२१ साली मोकळेपणाने म्हटले, की संप्रेरकग्राही व हर-२ नसलेल्या प्राथमिक अवस्थेतील गाठीत आकडा ५ किंवा त्याहून कमी असेल, अथवा ३० किंवा त्याहून अधिक असेल, तरच केमोथेरपीचा निर्णय त्यावर सोपवावा. मधला पट्टा धूसर आहे. हा शास्त्राचा प्रामाणिकपणा झाला. बाजाराने या धूसर पट्ट्यावर आपले दुकान थाटले. अमेरिकेतील एक कंपनी गाठीतील २१ जनुकांची मोजणी करून रोग उलटण्याची शक्यता सांगते. त्या २१ जनुकांत की-६७ चे जनुकही आहे. तपासणी चांगली आहे. दहा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचणीतून २०१८ साली हे सिद्ध झाले की तिच्या आधारे पुष्कळ जणींची केमोथेरपी टाळता येते. पण भारतात तिची किंमत लाखांच्या घरात जाते. केमोथेरपी टाळण्याचा हक्क ज्याला ते लाख मोजता येतील त्याचा!

म्हणून खुणाच टाकून द्यावयाच्या काय? ब्रिटनच्या सार्वजनिक आरोग्यसेवेने निराळा मार्ग दाखविला आहे. तेथील १३० रुग्णालयांत सुमारे साडेचार हजार स्त्रियांच्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी दोन आठवडे संप्रेरकरोधक गोळी देऊन की-६७ पुन्हा मोजला. २०२० साली निष्कर्ष छापून आले. हर-२ नसलेल्या गाठींत ज्यांचा आकडा आधी आणि नंतरही कमी होता, त्यांपैकी पाच वर्षांत सुमारे ४ टक्के जणींचा रोग उलटला. आधी अधिक असून गोळीने खाली आला त्यांच्यात सुमारे ८ टक्के. आणि गोळीनंतरही ज्यांचा आकडा चढाच राहिला त्यांच्यात २१ टक्क्यांहून अधिक. दोन आठवड्यांची जुनी गोळी आणि दोन वेळची रंगतपासणी. एवढ्या खर्चात कोणाला अधिक उपचारांची गरज आहे हे कळू लागते. असा प्रश्न विचारण्याची बुद्धी सहसा सार्वजनिक संस्थेलाच होते, कारण त्याच्या उत्तरात कोणाचा नफा नसतो.

आपल्याकडेही हे घडले आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने, जे केंद्र सरकारच्या अणुऊर्जा विभागाचे आहे, १६०० स्त्रियांवरील आपल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी गाठीभोवती लिडोकेन टोचले. दातांच्या दवाखान्यात वापरतात तेच हे बधिरीकरणाचे औषध. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८६ टक्क्यांवरून ९० टक्क्यांवर गेले. या शोधाची जाहिरात तुम्ही कोठे पाहिली काय? मी पाहिली नाही.

याच्या उलट हर-२ ची कहाणी. १९८७ साली डेनिस स्लेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की हे जनुक ज्या गाठीत वाढलेले असते ती लवकर उलटते. त्या खुणेवर नेम धरणारे ट्रॅस्टुझुमॅब १९९८ मध्ये अमेरिकेत बाजारात आले आणि २००५ साली कळले की सुरुवातीच्या अवस्थेत दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर येते. सर्वांत वाईट भवितव्य सांगणारी खूण सर्वांत चांगल्या उपचाराची किल्ली ठरली. पण भारतात एका कुपीची किंमत एक लाख रुपयांहून अधिक होती आणि अशा कुप्या वर्षभर लागतात. सक्तीच्या परवान्याची चर्चा २०१३ च्या जानेवारीत सरकारी पातळीवर सुरू झाली, रुग्णांच्या आणि जनआरोग्याच्या संघटनांनी आवाज उठविला, आणि त्याच वर्षी मूळ कंपनीने भारतातील आपल्या पेटंटाचा पाठपुरावा सोडला. २०१४ च्या प्रारंभी देशी जैवसमरूप औषध सुमारे साडेसत्तावन्न हजारांना आले. कंपनी लगेच दिल्ली उच्च न्यायालयात गेली, हे सांगण्याची गरज नाही. पुढे आणखी उत्पादक आले, किंमती आणखी उतरल्या. या एका लढ्याने किती भगिनींचे भवितव्य बदलले असेल याचा विचार ‘चोचले’ म्हणणाऱ्यांनी करावा.

आणि तरीही बरणीचा प्रश्न येथेही येतोच. हर-२ च्या रंगतपासणीचा निकाल पुष्कळदा ‘२+’ असा येतो. म्हणजे होय नव्हे, नाहीही नव्हे. मग जनुकांची मोजणी करणारी दुसरी तपासणी करावी लागते, ती महाग असते आणि मोजक्याच शहरांत होते. अनेकींच्या फायलीत तो ‘२+’ तसाच राहतो आणि त्या तशाच राहतात.

वाढीचा वेग रोखणाऱ्या नव्या गोळ्यांबाबतही हेच. पेशीचे चक्र ज्या दारातून पुढे सरकते ते दार बंद करणारी तीन औषधे निघाली आहेत. त्यांपैकी अबेमासायक्लिबला प्राथमिक अवस्थेत परवानगी देताना अमेरिकन औषध प्रशासनाने ऑक्टोबर २०२१ मध्ये की-६७ वीस टक्के असण्याची अट घातली होती. मार्च २०२३ मध्ये ती काढून टाकली. कारण असे की आकडा चढा असलेल्या स्त्रियांचे भवितव्य वाईट होते हे खरे, पण औषधाचा फायदा दोन्ही गटांना होत होता. रोगाचे भवितव्य सांगणारी खूण आणि औषध कोणाला द्यावे हे सांगणारी खूण एकच असते असे नाही. हा भेद आपल्याही कार्यकर्त्यांनी पक्का ध्यानात ठेवावा. उद्या एखादे शासन ‘आकडा कमी आहे, सबब औषध नाही’ असे म्हणून खर्च वाचवू लागले, तर उत्तर द्यावयास तो कामी येईल. याच वर्गातील पाल्बोसायक्लिबचे भारतातील पेटंट जानेवारी २०२३ मध्ये संपले आणि देशी गोळ्या येताच किंमती कोसळल्या. तिसरे, रायबोसायक्लिब, महिना पन्नास हजारांहून अधिक किंमतीला होते, तेव्हा केरळातील एका रुग्ण स्त्रीने सक्तीच्या परवान्यासाठी २०२२ साली तेथील उच्च न्यायालयात दाद मागितली. सुनावणी चालू असतानाच ती वारली. न्यायालयाने प्रकरण स्वतःहून पुढे चालू ठेवले. औषधावर नव्हे, तर ते बनविण्याच्या पद्धतीवर तेवढे पेटंट देणारा आपला १९७० चा कायदा २००५ साली बदलला गेला तेव्हा आपण रस्त्यावर होतो. त्या कायद्यात उरलेल्या सक्तीच्या परवान्याच्या कलमाखाली आजवर एकच परवाना निघाला, तोही २०१२ साली, यकृत व मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील औषधासाठी.

ऑक्टोबर महिना आला की इमारतींवर गुलाबी दिवे लागतात आणि ‘बायका उशिरा येतात’ हे पालुपद सुरू होते. जणू गाठ लपवून ठेवणे हा त्यांचा छंद आहे! मुंबईच्या वस्त्यांतील दीड लाखाहून अधिक स्त्रियांवर टाटा रुग्णालयाने १९९८ पासून वीस वर्षे केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२१ साली छापून आले. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने स्तनतपासणी केली, तेवढ्याने रोग अधिक लवकरच्या अवस्थेत सापडू लागला आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आतील स्त्रियांत तसा लाभ दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तपासणारी दारात आली, तेव्हा बायका तपासून घेण्यास तयार झाल्या. त्या दारात जाणाऱ्या सेविकेला मानधनावर राबविणारे शासन मग कोणत्या तोंडाने उशिराबद्दल बोलते? विमा योजनेचे कार्ड पुढे केले जाते. परंतु ती योजना दाखल झालेल्या रुग्णाची आहे. निदान होईपर्यंतची बाह्यरुग्ण विभागातील वणवण, बरणीचा प्रवास आणि ‘२+’ नंतरची धावाधाव मुख्यतः तिच्या बाहेर पडते. जागतिक आरोग्य संघटनेने निदानासाठी साठ दिवसांची मर्यादा सुचविली आहे. आपल्याकडे एवढे दिवस कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाण्यातच खर्ची पडू शकतात.

तेव्हा ठरावात ‘सर्वांना मोफत आरोग्य’ हे वाक्य राहू द्यावे, पण त्याखाली पुढील मजकूर यावा. प्रत्येक सार्वजनिक शस्त्रक्रियागृहात तारीख घातलेले, प्रमाणित फॉर्मॅलिन. गाठ कापल्याची आणि बुडविल्याची वेळ बरणीवर लिहिण्याची सक्ती. नमुना नेण्याची जबाबदारी रुग्णालयाची, नातेवाइकाची नव्हे. प्रत्येक महसूल विभागात या चारही खुणा आणि संशयित हर-२ ची दुसरी तपासणी विनामूल्य करणारी शासकीय प्रयोगशाळा, आणि तेथील विकृतिशास्त्रज्ञ व तंत्रज्ञ कंत्राटी नव्हेत, कायम. रायबोसायक्लिबसारख्या औषधांना सक्तीचा परवाना.

आणि ठराव होण्याची वाट पाहण्याचेही कारण नाही. आपल्या तालुक्यातील उपजिल्हा रुग्णालयाला माहितीच्या अधिकाराखाली तीन प्रश्न विचारता येतील : गेल्या वर्षी फॉर्मॅलिन किती खरेदी केले, स्तनाच्या किती गाठींचे नमुने पाठविले आणि ते कोणी नेले, व प्रत्येकीचा अहवाल किती दिवसांनी आला. अर्जाला दहा रुपये लागतात. उत्तर तीस दिवसांत यावयास हवे.